होमर कबुतरांची शर्यत: पहिली ढाबळ, पहिलं वर्ष

माझी पहिली बारा पिल्लं तीन महिन्यांत पाचवर आली. एकही आजारानं गेलं नाही, एकालाही बोक्यानं नेलं नाही. पुण्यातल्या हडपसरच्या गच्चीपलीकडचं आभाळ न पाहिलेली ती पिल्लं मी एका रविवारी करंडीत घातली आणि थेट यवतला, सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटरवर नेऊन सोडली. तिघं त्याच दिवशी दुपारनंतर आली, दोघं दुसऱ्या दिवशी. उरलेल्या सातांची मी आठवडाभर वाट पाहिली. अंधार पडल्यावरही गच्चीवरून खाली उतरवत नव्हतं.

होमर, म्हणजे दूर नेऊन सोडलं तरी घरी परतणारं शर्यतीचं कबुतर, उडवायचा म्हणून कोणी विचारायला आलं की मी हीच गोष्ट आधी सांगतो. कबुतरं मिळतात, दाणा मिळतो, ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, सुतार बांधून देतो. कोणत्या क्रमानं काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. ते इथे सांगतो.

१. आधी पक्षी ओळखा

आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, मुंबईच्या जुन्या वस्त्यांत कबुतरं उडवण्याची जी परंपरा आहे ती मुख्यतः गिरेबाजांची. गिरेबाज घराच्याच डोक्यावर उंच चढतो आणि तासन् तास तिथेच राहतो. जो जास्त वेळ आभाळात, तो जिंकला. होमरची शर्यत याच्या उलट. पक्षी दूर नेऊन सोडायचा आणि तो किती लवकर ढाबळीत शिरतो ते मोजायचं. दोन्ही शौक मोठे आहेत, पण पक्षी वेगळे, शिकवण्याची रीत वेगळी. एका ढाबळीत दोन्ही एकत्र उडवू नका. होमरांना डोक्यावरच घिरट्या घालायची सवय लागते आणि थवाही एकसंध राहत नाही.

आजचा शर्यतीचा होमर मुख्यतः एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये घडला. छाती रुंद, पाठ मजबूत, पिसं रेशमासारखी, चोचीच्या मुळाशी पांढरी खरखरीत गाठ. निवांत हवेत तो ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगानं येतो, पाठीमागून वारा असेल तर त्याहून जास्त. या पक्ष्याचं घराकडे परतणं किती भरवशाचं आहे ते पाहायचं तर ओडिशा पोलिसांचं उदाहरण घ्या. त्यांनी १९४६ मध्ये निरोप पोचवायला कबुतरांची सेवा सुरू केली, आणि पूर-वादळात तारा तुटल्या तेव्हा ती पुढे कित्येक वर्षं कामी आली.

बाजारात टोपलीतला कुठलाही दणकट पक्षी ‘होमर आहे’ म्हणून गळ्यात मारतात. पायात बंद रिंग (पिल्लू असतानाच चढवलेली, न उघडणारी क्रमांकाची कडी) नसलेला पक्षी शर्यतीसाठी घेऊच नका. रस्त्यावरचे पारवे पकडून आणून त्यांच्यापासून सुरुवात करायचा विचारही नको. ते शर्यतीला येणार नाहीत, वर ढाबळीत रोग घेऊन येतील.

२. क्लब आधी, कबुतरं नंतर

बहुतेक जण उलट करतात. आधी वीस पक्षी घेतात, मग क्लब शोधतात, मग कळतं की जवळचा क्लब भलत्याच दिशेनं शर्यती घेतो किंवा आपली ढाबळ त्याच्या हद्दीत बसत नाही.

होमरच्या शर्यतीची आपल्या देशातली मोठी केंद्रं म्हणजे चेन्नई, बेंगळुरू आणि कोलकाता. महाराष्ट्रात हा शौक त्या मानानं विखुरलेला आहे, म्हणून क्लब शोधायला थोडं फिरावं लागतं. जवळपास कोणाच्या गच्चीवर ढाबळ दिसली की जाऊन भेटा. कबुतरवाला माणूस दारात आलेल्याला कबुतरं दाखवल्याशिवाय सोडत नाही. क्लब सापडला की या गोष्टी विचारून घ्या:

– शर्यती कोणत्या दिशेनं होतात, आणि पहिली व शेवटची शर्यत किती किलोमीटरची?
– रिंगा कधी वाटतात आणि एका सभासदाला किती देतात?
– वेळ कशावर नोंदवायची: पक्ष्याच्या पायातली रबराची रिंग काढून आत टाकायचं जुनं क्लॉक, पायातल्या चिपवरून आपोआप वेळ नोंदवणारं ईटीएस, की आणखी काही?
– लशींबाबत काय नियम आहे?
– दुसऱ्याकडून घेतलेला पक्षी आपल्या नावावर कसा करायचा?

दिशा सगळ्यात महत्त्वाची. माझं सगळं शिकवणं सोलापूर रस्त्यानं चालतं, कारण माझ्या पक्ष्यांना पूर्वेकडून घरी यायचं असतं. पश्चिमेला नेलं तर सह्याद्रीचा कडा, ढग आणि घाटातला वारा. नवख्या पिल्लांना तिकडे नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रिंगेबद्दल नीट समजून घ्या, कारण ती चूक नंतर सुधारता येत नाही. बंद रिंग पिल्लू साधारण पाच ते आठ दिवसांचं असताना पायात सरकवतात. पुढची तीन बोटं एकत्र धरून रिंग त्यांच्यावरून घालायची, मागचं बोट पायाला चिकटवून धरायचं आणि रिंग वर गेली की ते हलकेच सोडवायचं. दोन दिवस उशीर झाला तर पाय जाड होतो आणि रिंग चढत नाही. फार लवकर घातली तर गळून घरट्यात पडते. रिंगेवर वर्ष आणि क्रमांक असतो, तीच पक्ष्याची आयुष्यभराची ओळख.

जवळ ठेवायची कागदपत्रं: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, क्लबचा अर्ज व वर्गणीची पावती, प्रत्येक पक्ष्याचं रिंग कार्ड किंवा नावावर केल्याचा कागद, लशीची नोंद, ढाबळीचे अक्षांश-रेखांश, आणि गच्ची सामाईक असेल तर सोसायटीचं किंवा घरमालकाचं लेखी संमतिपत्र.

या शेवटच्या कागदाकडे दुर्लक्ष करू नका. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला ते सगळ्यांनी पाहिलं. लोकांच्या मनात कबुतर आणि दम्याचा त्रास ही जोडी आता पक्की बसली आहे. तुमची कबुतरं बंदिस्त, मोजकी आणि स्वच्छ ढाबळीतली असली तरी शेजाऱ्याला तो फरक आपोआप कळणार नाही. ढाबळ बांधायच्या आधी वरच्या-खालच्या घरी जाऊन बोला. विष्ठा कुठे टाकणार, पाण्याच्या टाकीवर झाकण आहे ना, उडवण्याची वेळ काय, सगळं सांगा. शेजारी कोणाला दमा असेल तर जागा बदला. महापालिकेचा किंवा सोसायटीचा काही नियम आडवा येतो का तेही आधीच पाहा.

३. ढाबळ: कोरडी, हवेशीर, मांजरापासून सुरक्षित

वीस पक्ष्यांना आठ बाय सहा फुटांची ढाबळ पुरते. पहिल्या वर्षी याहून मोठी बांधू नका. मोकळी जागा दिसली की माणूस ती भरतोच, आणि गर्दी झाली की आजार आलाच.

तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा. सकाळचं ऊन आत यावं आणि आपल्याकडचा नैर्ऋत्येचा पाऊस पाठीवर जावा. जमिनीपासून फूट-दीड फूट उचलून घ्या, म्हणजे उंदीर खाली घर करत नाहीत आणि फळ्या कुजत नाहीत. छताला नुसता पत्रा टाकलात तर एप्रिलमध्ये आत भट्टी होते. खाली प्लायवूड किंवा बांबूची ताटी लावा, वर पांढरा रंग द्या, आणि पत्रा व भिंत यांच्यात गरम हवा निघायला जाळीची फट ठेवा. जाळी अर्ध्या इंचाचीच घ्या. मोठ्या छिद्रांतून उंदीर येतात, चिमण्या येतात, आणि बोक्याचा पंजाही आत येतो.

आतून तीन भाग करा: शर्यतीचे पक्षी, जोडीचे (अंडी-पिल्लांसाठी ठेवलेले) पक्षी आणि पिल्लं. जागा नसेल तर निदान दोन तरी कराच. बसायला प्रत्येकाला स्वतंत्र खण हवा, पक्ष्यांपेक्षा चार-पाच खण जास्तच. होमर आपल्या खणावर जीव टाकतो. शर्यतीतून दमून आलेला नर आधी पाणी पितो आणि मग थेट आपल्याच खणात जाऊन बसतो. तिथे दुसरा बसलेला असेल तर त्या थकव्यातही त्याला हाकलतो. आपण ज्या ओढीवर शर्यत खेळतो ती ओढ या एका खणाची आहे, म्हणून खणांची जागा सारखी बदलू नका.

दाराशी उतरायची फळी आणि त्यामागे बॉब हवा. बॉब म्हणजे वरून टांगलेल्या हलक्या सळ्यांची ओळ. पक्षी बाहेरून ढकलून आत येतो, आतून मात्र त्या अडतात. लागणारं बाकीचं सामान थोडं: झाकणाचं पाण्याचं भांडं, दाण्याची लांब पन्हळ, विष्ठा खरवडायची पट्टी, अंड्यांसाठी मातीचे परळ, वेताची किंवा प्लास्टिकची करंडी, अंघोळीला उथळ घमेलं, एन-९५ मास्क, आणि दाणे घालून वाजवायचा पत्र्याचा डबा. डब्याचं काम पुढे येतं.

४. पिल्लं कुठून घ्यायची, किती घ्यायची

मोठा झालेला होमर विकत घेऊन उडवता येत नाही. त्याचं घर ठरलेलं असतं, सोडला की तो जुन्या मालकाकडे जातो. असा पक्षी फक्त जोडीसाठी आतच ठेवायचा. उडवायला हवीत २८ ते ३५ दिवसांची पिल्लं, जी स्वतः दाणा टिपायला लागली आहेत पण अजून मोकळी उडालेली नाहीत.

दहा-बारा पिल्लं घ्या, आणि ती तुमच्याच क्लबमध्ये, तुमच्याच दिशेनं पक्षी उडवणाऱ्या माणसाकडून घ्या. त्या वाटेवरून वर्षानुवर्षं परतलेल्या आई-बापांची पिल्लं कुठल्याही परदेशी वंशावळीच्या कागदापेक्षा नवख्याला जास्त उपयोगी पडतात. २०२० मध्ये बेल्जियममधली ‘न्यू किम’ नावाची मादी सोळा लाख युरोंना विकली गेली. तेव्हापासून मोठी नावं लिहिलेले कागद घेऊन फिरणारे विक्रेते वाढले आहेत. कागद खरा आहे की नाही ते तुम्हाला पहिल्या वर्षी कळणार नाही. त्या पैशात चांगला दाणा घ्या.

पिल्लू हातात घेतलं की हे पाहा. चोच उघडून घसा बघा, आत पिवळट दह्यासारखा थर नको. छातीचं हाड बोटानं चाचपा, ते सरळ हवं. पंख पसरा, बाहेरची दहा मोठी पिसं अखंड हवीत, त्यांच्यावर आडव्या रेघा नकोत. तशी रेघ दिसली तर पीस वाढत असताना पिल्लू उपाशी किंवा आजारी होतं असं समजा. विष्ठा घट्ट, वर पांढरी टोपी असलेली. डोळ्याच्या बाहुलीभोवतीची वर्तुळं पाहून विजेता ओळखणारे जाणकार तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐका, पण पिल्लू घेताना घसा, पंख आणि विष्ठेवरच निर्णय घ्या.

५. घर डोळ्यांत बसवणं

ही पायरी शांतपणे करायची. पिल्लं आणली की पहिले तीन-चार दिवस आतच राहू द्या. मग ढाबळीच्या छतावर किंवा उतरायच्या फळीवर जाळीचा पिंजरा ठेवून त्यात रोज तासभर बसवा. तिथून त्यांना चहूबाजूंची घरं, टाक्या, झाडं, मनोरे दिसले पाहिजेत. आपल्याला ती नुसती बसलेली दिसतात, पण त्यांची मान सारखी फिरत असते.

याच दिवसांत डबा सुरू करा. दाणा टाकायच्या आधी प्रत्येक वेळी तोच डबा, तीच शिट्टी. आठवड्यात पिल्लं डब्याच्या आवाजावर बॉब ढकलून आत यायला लागतात. बॉब शिकवताना दोन सळ्या वर बांधून वाट मोकळी ठेवा, मग एक खाली सोडा, मग दुसरी. हातानं ढकलून कधीच शिकवू नका. एकदा पिल्लू त्या दाराला भ्यालं की शर्यतीच्या दिवशी छपरावर बसून राहतं.

पहिल्यांदा मोकळं सोडायचं ते संध्याकाळी, रोजच्या दाण्याच्या वेळेआधी, पोटं रिकामी असताना. दार उघडा आणि बाजूला व्हा. हुसकावू नका, टाळ्या वाजवू नका. कोणी छतावर चढेल, कोणी चार हात उडून परत येईल. अर्ध्या तासानं डबा वाजवा. पोट भरलेलं पिल्लू घाबरून उडालं तर परत येण्याचं त्याला काही कारण नसतं, आणि पहिल्याच दिवशी पिल्लं हरवतात ती अशीच.

दोन-तीन आठवडे रोज असं चाललं की ती थवा करून फिरायला लागतात. मग एक दिवस थवा दिसेनासा होतो. अर्धा तास, कधी तास होतो. छातीत धस्स होतं. घाबरू नका, पिल्लं आता परिसर शोधायला निघाली आहेत आणि आपण याचीच वाट पाहत होतो. असं फिरून यायला लागल्याशिवाय करंडी बाहेर काढू नका. मी ही पायरी गाळली होती.

६. दाणापाणी

एका होमरला दिवसाला साधारण ३० ते ३५ ग्रॅम दाणा लागतो. वीस पक्ष्यांना महिन्याला वीस किलोच्या आसपास, असा हिशेब धरा.

आपल्याकडे दाण्याची चिंता नाही. ज्वारी, बाजरी, गहू, बारीक मका, वाटाणा, हरभरा, मूग, मसूर, करडई, सगळं भुसार दुकानात मिळतं. वेळ पाहून मिश्रण बदला. पिल्लं भरवणाऱ्या जोड्यांना डाळवर्गीय दाणा जास्त, कारण पिल्लाची वाढ त्यावर होते. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी मका आणि करडई वाढवा, लांबचं उडायला लागणारी ताकद त्यातली. उडून आल्यावर पहिल्या दिवशी ज्वारी-बाजरीचा हलका, थोडा दाणा द्या. दमलेल्या पक्ष्यापुढे हरभऱ्याची रास ओतू नका.

मका हातात घेऊन वास घ्या. बुरशीचा कुबट वास आला तर पोतंच्या पोतं परत करा. बुरशीचं विष पक्ष्याच्या यकृतावर बसतं आणि पक्षी हळूहळू खंगतो, तुम्हाला कारण कळत नाही. पावसाळ्यात दाणा घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, कोरड्या दिवशी ऊन दाखवा.

दाण्याबरोबर खडी हवीच: शिंपल्यांचा चुरा, विटेची बारीक खडी, कोळसा, चिमूटभर मीठ. कबुतराला दात नाहीत, दाणा पोटात या खड्यांवर दळला जातो, आणि अंड्याच्या कवचाला चुना शिंपल्यातून मिळतो. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदला आणि भांडं आतून हातानं घासा. आत बुळबुळीत थर लागला तर पाणी बदलूनही उपयोग नाही.

७. आजार: त्यांचे आणि आपले

पहिली भीती मानमोडीची. मान पिळवटते, पक्षी दाणा टिपायला जातो आणि चोच बाजूला पडते, विष्ठा पाण्यासारखी होते. आल्यावर खात्रीचा इलाज नाही, म्हणून लस आधीच हवी. कोणती आणि केव्हा ते पशुवैद्यांना विचारून ठरवा, आणि शर्यतीच्या तोंडावर देऊ नका. देवीच्या फोडांसाठी डासांचा बंदोबस्त करा. घशातला पिवळा थर म्हणजे कॅन्कर, तो एका पाण्याच्या भांड्यातून साऱ्या ढाबळीत पसरतो. पोटातले जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) विष्ठा तपासून कळतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना द्या, अंदाजानं औषध देऊ नका.

दर महिन्याला पाण्यात अँटिबायोटिक टाकायची रीत तुम्हाला कोणीतरी नक्की शिकवेल. ती धरू नका. नवा पक्षी, मग तो कितीही मोठ्या माणसाकडून आलेला असो, तीन आठवडे वेगळा ठेवा.

आता तुमची छाती. विष्ठेची आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. त्या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. ढाबळ झाडायच्या आधी हलका पाण्याचा फवारा मारा, मास्क लावा, कपडे तिथलेच वेगळे ठेवा. कोरडी विष्ठा झाडूनं उडवू नका. खोकला जात नसेल, जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना ‘मी कबुतरं पाळतो’ हे वाक्य आधी सांगा. मुलांना ढाबळ साफ करायला लावू नका. घरात कोणाला दमा असेल तर हा शौक घरात आणू नका, हे मला स्पष्ट सांगायलाच हवं.

८. टॉस: करंडीतून आभाळाकडे

टॉस म्हणजे पक्षी ठरावीक अंतरावर नेऊन सोडणं. सोडायच्या आधी दोन-चार रात्री पिल्लांना करंडीत झोपवा, करंडीतच पाणी प्यायला शिकवा. करंडीत पाणी न पिणारं पिल्लू शर्यतीच्या गाडीत तहानलेलं राहतं.

मी आता असं जातो. आधी दोन-तीन किलोमीटर, तीन-चार वेळा. मग लोणी काळभोर, साधारण दहा. मग उरुळी कांचन, वीसच्या वर. मग यवत, ३५. मग पाटस, पन्नासच्या पुढे. त्यानंतर भिगवण, नव्वदच्या आसपास, आणि शेवटी इंदापूर, सव्वाशेच्या जवळ. प्रत्येक ठिकाणाहून निदान दोनदा. मागच्या टॉसला पक्षी रेंगाळत आले असतील तर पुढे न जाता तिथूनच पुन्हा. काही टॉस एकेकट्यानं द्या. थव्याच्या मागे मागे येणारा पक्षी शर्यतीत एकटा पडला की गोंधळतो.

सोडण्याची वेळ सकाळची, ऊन स्वच्छ पडल्यावर. करंड्या गाडीतून उतरवून वीस मिनिटं शांत ठेवा, पक्ष्यांना आभाळ पाहू द्या. वर विजेच्या तारा नकोत. होमर सूर्यावरून दिशा धरतो, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा, वासाचा आणि ओळखीच्या खुणांचाही त्याला आधार असतो, हे संशोधकांनी दाखवलं आहे. रस्त्यांच्या कडेकडेनं घरी येणारे पक्षीही त्यांनी नोंदले आहेत. जाणते पक्षी ढगाळ दिवशीही येतात, पण पिल्लांची ती परीक्षा पाहू नका. धुकं असेल तर थांबा, समोरची टेकडी दिसत नसेल तर करंड्या परत आणा. पेट्रोल वाया गेलं तरी चालेल.

भिगवणबद्दल एक इशारा. उजनी धरणाच्या पाण्यावर थंडीत हजारो पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे शिकारी पक्षीही येतात. बहिरी ससाणा वरून झेपावला की थवा फुटतो आणि फुटलेली पिल्लं भलत्याच दिशेला जातात. म्हणून मी पाण्याच्या काठापासून बरंच अलीकडे सोडतो. ससाणा, शिक्रा यांना दगड, गुलेर, सापळा काहीही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, आणि ते आभाळ त्यांचंही आहे. घरच्या आसपास शिक्रा रोज येत असेल तर उडवण्याची वेळ बदला.

जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे आठ-दहा दिवस पक्षी बाहेर काढू नका. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो गच्च्यांवर असतोच. माझी एक निळी पट्टेदार मादी चौदा जानेवारीच्या दुपारी परत आली ती चालत. पंखाच्या सांध्यात दोरा हाडापर्यंत गेलेला. उडता येत नव्हतं म्हणून शेजारच्या छपरांवरून उड्या मारत ती फळीपर्यंत पोचली आणि बॉबसमोर उभी राहिली, ढकलायची ताकद नव्हती. मी सळी उचलली, ती आत गेली, आणि आपल्या खणाखाली बसून राहिली. जगली, पण पुन्हा उडाली नाही. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्रीही ढाबळीला पडदे लावा.

९. शर्यतीचा दिवस आणि मीटर-मिनिटाचा हिशेब

शर्यती साधारण हिवाळ्यापासून उन्हाळा कडक होईपर्यंत असतात. त्याआधी पंख पाहा. कबुतर दहा मोठी पिसं आतून बाहेर अशी एकेक टाकत जातं. शेवटची बाहेरची पिसं अर्धवट वाढलेली असतील तर त्या पक्ष्याला लांब पाठवू नका.

आदल्या संध्याकाळी पक्षी क्लबात न्यायचे. रिंग क्रमांक नोंदतात, रबराची रिंग घालतात किंवा चिप वाचून घेतात, करंड्यांना सील लागतं, सगळ्यांची घड्याळं जुळवतात. नोंदीतला आपला प्रत्येक क्रमांक स्वतः वाचून खात्री करा. एक आकडा चुकला तर पहिला आलेला पक्षीही बाद होतो.

निकाल आधी कोण पोचलं यावर नसतो, वेगावर असतो. समजा पक्षी सोलापूरहून सोडले. हडपसरची ढाबळ सरळ रेषेत २२९ किलोमीटरवर, कोथरूडची २४१ वर. हडपसरचा पक्षी २०० मिनिटांत आला: २,२९,००० भागिले २००, म्हणजे मिनिटाला ११४५ मीटर. कोथरूडचा आठ मिनिटं उशिरा, २०८ मिनिटांत: मिनिटाला ११५८ मीटरहून थोडं जास्त. जिंकला कोथरूडचा. आता लक्षात येईल की अक्षांश-रेखांश सेकंदापर्यंत अचूक का हवेत. अक्षांशात एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटरचा फरक. ढाबळीपाशी उभं राहून मोजा, पत्ता टाकून नकाशानं दिलेला आकडा लिहू नका.

आणि पक्षी छपरावर आला म्हणजे झालं नाही. तो बॉब ढकलून आत येऊन वेळ नोंदली जाईपर्यंत घड्याळ चालूच असतं. हडपसरचा पक्षी दोन मिनिटं पत्र्यावर बसला तर ११४५ चे ११३३ होतात. म्हणून शर्यतीच्या सकाळी गच्चीवर पाहुण्यांची गर्दी नको, नवे रंगीत कपडे वाळत नकोत, कोणी धावायचं नाही. तुम्ही रोजचेच कपडे घाला, रोजच्याच जागी उभे राहा, डबा वाजवा.

पैजेचे पैसे लावणारे लोक भोवती येतील. पैज कायद्यानं गुन्हा आहेच, शिवाय पैसे लागले की दमलेल्या पक्ष्याला पुढच्या रविवारी पुन्हा पाठवलं जातं. त्यांना गच्चीवर चढू देऊ नका.

पहिल्या वर्षी १५०-२०० किलोमीटरपर्यंतच थांबा. निकालात कितवे आलात ते लिहून ठेवा, पण त्याआधी गेलेल्यांपैकी किती परतले ते लिहा. माझ्या वहीत पहिल्या रकान्यात तोच आकडा असतो.

१०. परतलेले, न परतलेले, आणि चुकून आलेले

परतलेल्याला कोमट पाणी, थोडा हलका दाणा, दुसऱ्या दिवशी अंघोळीचं घमेलं. पंखाखाली, पायाला जखम आहे का ते हातानं चाचपून पाहा. त्या आठवड्यात शर्यत नको.

न परतलेल्यासाठी दार किमान पंधरा दिवस रोज संध्याकाळी उघडं ठेवा. पाच-सहा दिवसांनी, पाय धुळीनं माखलेला, अर्ध्या वजनाचा पक्षी फळीवर उतरतो असं मी अनेकदा पाहिलं आहे. तो बिनकामाचा समजून विकू नका. एकट्यानं वाट शोधून आलेला तो पक्षी पुढच्या वर्षी बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी येतो.

आणि कधीतरी दुसऱ्याचा रिंगवाला पक्षी तुमच्या फळीवर उतरेल. त्याला वेगळ्या पिंजऱ्यात पाणी-दाणा द्या, दोन दिवस विश्रांती द्या, रिंगेवरची अक्षरं आणि आकडे क्लबाच्या सचिवांना कळवा. मालकानं सोडा म्हटलं तर स्वच्छ सकाळ पाहून सोडून द्या. माझ्या त्या सातांपैकी एकाचा फोन मला आठ महिन्यांनी आला होता, बारामतीजवळच्या एका शेतकऱ्याचा. पिल्लू त्यांच्या गोठ्यात कोंबड्यांबरोबर राहत होतं आणि त्यांनी रिंग वाचून, चार ठिकाणी विचारून माझा नंबर शोधला होता. मी दुसऱ्याच दिवशी करंडी घेऊन गेलो.